‘चार दिवस सासूचे’, एक्केचाळीस कॅसेटी आणि हैदराबादची मराठी

आपल्या मंडळात आजवर शिलालेख, मोडी कागद, जुन्या हवेल्यांचे दरवाजे यांवर निबंध वाचले गेले. मी टीव्हीवरच्या मालिकेवर बोलणार म्हटल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “अहो, हे इतिहासात कुठं बसतं?” मला वाटतं बसतं. हैदराबादेतल्या मराठी घरांत शंभर वर्षांपूर्वी काय वाचलं जात होतं हे आपण ग्रंथालयांच्या नोंदींवरून सांगू शकतो. पण वीस वर्षांपूर्वी संध्याकाळी काय ऐकलं जात होतं, हे सांगायला आपल्याजवळ काय आहे? माझ्याजवळ व्हीएचएसच्या ४१ कॅसेटी आहेत. आईने भरून ठेवलेल्या.

मालिका ‘चार दिवस सासूचे’. ई टीव्ही मराठीवर २६ नोव्हेंबर २००१ ला सुरू झाली, ५ जानेवारी २०१३ ला संपली. भाग ३२००. संपली तेव्हा एवढी लांब मालिका मराठीत दुसरी झालेली नव्हती. रोहिणी हट्टंगडी सासू, कविता लाड सून. श्रीमंत देशमुखांचं घर आणि त्यात मध्यमवर्गातून आलेली अनुराधा. म्हण पुरी करायची तर पुढे ‘चार दिवस सुनेचे’ येतात. इथे सासूचे चार दिवस अकरा वर्षं चालले, असा विनोद तेव्हा घरोघरी व्हायचा.

इंजिनिअरची खोड जात नाही, म्हणून हिशेब मांडून पाहिला. पहिला दिवस सोमवार, शेवटचा शनिवार, मधले आठवडे बरोबर ५८०. आठवड्याला पाच भाग धरले तर २९०० होतात, सहा धरले तर ३४८०. म्हणजे ३२०० ला पोचायचं तर साधारण २८० आठवडे पाच दिवसांचे आणि ३०० आठवडे सहा दिवसांचे. मध्ये खाडा नाही असं धरून हा ढोबळ हिशेब आहे, पण तो एक गोष्ट सांगतो. निम्म्या वाटेवर कुठेतरी शनिवारही मालिकेने खाल्ला. जाहिराती वगळून भाग बावीस मिनिटांचा धरला तर सगळे मिळून पावणेबाराशे तास होतात, म्हणजे न झोपता, न जेवता ४९ दिवस. आम्ही पुन्हा बघायला बसलो तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, “सगळी बघायची का?” महिन्याला दोन भाग या आमच्या गतीने १३३ वर्षं लागतील, असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग चहा आधीच ठेवते.”

आता याचा हैदराबादशी संबंध काय? इथेच गंमत आहे. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते, तोवर हैदराबाद हे मराठी माणसाचंही राजधानीचं गाव होतं. कोर्टकचेरीला, शिक्षणाला, नोकरीला माणसं इकडे यायची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विवेकवर्धिनी उभी केली ती या जोरावर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीपुऱ्यातली मराठी घरं जागच्या जागी परराज्यात गेली. घर हललं नाही, सरहद्द हलली.

टीव्ही आला तो त्यानंतर. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, आमचं हैदराबाद केंद्र १९७७ चं. मुंबई-पुण्याचे नातेवाईक सुट्टीत येऊन ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ यांच्या गोष्टी सांगायचे, आम्ही नुसतं ऐकायचो. आमच्या पडद्यावर तेलुगू आणि हिंदी, अधूनमधून उर्दू. मराठी कानावर यायची ती घरात, गणपतीत, आणि पुण्याहून कुणाचं नाटक आलंच तर. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ ची आणि अल्फा मराठी १९९९ ची. पण आमचा केबलवाला पैसे घेऊनही ती लावत नव्हता.

मग ९ जुलै २००० ला ई टीव्ही मराठी सुरू झालं. रामोजी रावांचं. ‘ईनाडू’ वर्तमानपत्र १९७४ चं, ई टीव्ही तेलुगू १९९५ चं, विजयवाडा रस्त्यावरची फिल्म सिटी १९९६ ची. या फिल्म सिटीतून एक मराठी वाहिनी आकाशात जाऊ लागली. जळगावच्या, साताऱ्याच्या बातम्या हैदराबादच्या वेशीवर बसून मराठी मुलं-मुली लिहायची, वाचायची. मुंबईतल्या पुष्कळ लोकांना हे आजही खरं वाटत नाही. १९५६ साली मराठी जिल्हे हैदराबादेतून गेले, आणि ४४ वर्षांनी महाराष्ट्राची मराठी बातमी हैदराबादेतून निघू लागली. यावर कुणीतरी नीट प्रबंध लिहायला हवा. मी फक्त बोट दाखवतो.

आम्ही गल्लीतली बारा मराठी घरं सह्या घेऊन केबलवाल्याकडे गेलो. त्याने कागद पाहिला. “ई टीवी? अपनाइच तो है ना! फिर ये बोली कायको दूसरी?” पण लावली. त्या वाहिनीत नोकरीला आलेल्या दोन मुली आमच्याकडे वर्षभर डबा नेत होत्या. एक परभणीची, तिचं लग्न इथेच झालं; ती आज आमच्या रविवारच्या बैठकीत असते. ती सांगते, सुरुवातीला आईकडून फोन यायचा, “मुंबईला नोकरी लागली म्हण ना, हैदराबाद सांगितलं तर लोकांना मराठी चॅनल खोटं वाटतं.”

रोहिणी हट्टंगडींमुळे आमच्याकडे आणखी एक झालं. जगाला त्या ‘गांधी’तल्या कस्तुरबा. आमच्या तेलुगू शेजारणींना मात्र त्या १९९१ च्या ‘सीतारामय्यगारी मनवरालु’मधल्या, अक्किनेनी नागेश्वरराव यांच्या पत्नीच्या भूमिकेतल्या आजी. त्यामुळे मराठीचा शब्द न कळता दोन शेजारणी येऊन बसायच्या, आणि आई मधल्या जाहिरातीत त्यांना तेलुगूतून गोषवारा द्यायची. आईचा गोषवारा मूळ भागापेक्षा लांब असायचा.

कॅसेटींबद्दल थोडं. एक १८० मिनिटांची कॅसेट, आठवड्याचे भाग. आई रिमोट हातात घेऊन बसायची आणि जाहिरात लागली की पॉज दाबायची, म्हणजे सहा भाग भरूनही कॅसेट थोडी उरायची. पण बोट जरा सावकाश. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी जाहिरातीचे सहा-सात सेकंद राहून गेलेत. साबण, मसाले, सोन्याची दुकानं. आज आम्ही मालिकेपेक्षा या तुकड्यांवर जास्त वाद घालतो. तिचं बोट चपळ असतं तर हा सगळा पुरावा गेला असता. ४१ कॅसेटींत फार तर २४६ भाग, म्हणजे ३२०० पैकी शेकडा आठसुद्धा नाहीत. बाकीच्या कॅसेटी तिने पुन्हापुन्हा वापरल्या.

कॅसेटींना हैदराबादच्या पावसाळ्यांत बुरशी धरली होती. रिळावर पांढरे ठिपके. तशीच यंत्रात घातली तर टेप जाते आणि हेडही जातं. मी एक जुना व्हीसीआर उघडून त्याच्यावर नुसतं पुसण्याचं काम बसवलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला मऊ कपडा आणि हळूहळू फिरणारं रीळ; मग दुसऱ्या यंत्रातून संगणकावर. आतापर्यंत २४ झाल्या, १७ राहिल्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण बसतो. पहिल्याच बैठकीत मला इतिहासकार म्हणून चपराक बसली. प्रत्येकाला मालिकेतला एक ‘न विसरता येणारा’ प्रसंग आठवत होता. सात जणांचे सात प्रसंग. मी ते आधी लिहून घेतले, तारखेचा अंदाजही घेतला, आणि कॅसेटींत शोधले. दोन सापडले. तेही सांगितल्यासारखे नव्हते. दोन प्रसंग चक्क दुसऱ्या मालिकांतले निघाले, एक ‘आभाळमाया’तला, एक ‘अवंतिका’तला. एका बाईंनी तर शीर्षकगीत म्हणून दाखवलं, तेही भलत्याच मालिकेचं, आणि कॅसेट लावल्यावर म्हणाल्या, “ही कॅसेट चुकीची आहे.” आणि हेच लोक मला पोलीस ॲक्शनच्या ऐकीव हकिगती सांगतात, मी त्या तारखेसह टिपून घेतो! तेव्हापासून माझ्या मुलाखतींच्या वहीत समासात प्रश्नचिन्हं वाढली आहेत.

पण खरा वाद झाला भाषेवरून. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका बाईंचं म्हणणं असं, की या मालिकांनी हैदराबादची मराठी मारली. आपल्याकडे ‘काय करायलास’, ‘जेवायलेत का’, ‘नक्को’, ‘परेशान होऊ नका’ असं सरळ बोललं जायचं. रोज अर्धा तास ‘करतोयस’, ‘चाललीयेस’ ऐकून पोरांना आजीची बोली गावंढळ वाटू लागली. बाईंच्या वहीत अशा शब्दांच्या दोन रांगा आहेत, आधीचे आणि नंतरचे. त्यांचा राग मला समजतो. पण माझी भाची, जी तेलुगू मैत्रिणींत आणि इंग्रजी शाळेत वाढली, ती म्हणाली, “बाई, मला ‘करायलास’ही आलं नसतं आणि ‘करतोयस’ही. आजीच्या मांडीवर बसून मालिका बघितली म्हणून मी आत्ता तुमच्याशी मराठीत भांडतेय.” बाई गप्प झाल्या, पटलं म्हणून नव्हे. माझं स्वतःचं मत असं, की बोली मालिकेने मारली नाही. मराठी शाळांचे वर्ग रिकामे व्हायला लागले तेव्हाच ती आजारी पडली होती, मालिका फक्त उशाशी बसून होती. मात्र आईच्या तोंडचं ‘करायलास’ २००५ च्या सुमाराला ‘करतोयस’ झालं, हे मी कानांनी ऐकलंय. तेव्हा ते मला सुधारल्यासारखं वाटलं होतं. आज ते ‘करायलास’ मला पुन्हा ऐकायला मिळालं तर मी काय वाटेल ते देईन, आणि ते एकाही कॅसेटीत नाही. व्हीसीआर टीव्हीचा आवाज घेतो, खोलीतला घेत नाही.

खोलीतलं जे काही उरलंय ते लेबलांवर. आई प्रत्येक कॅसेटीवर तारखा लिहायची आणि जागा उरली तर आणखी काही: ‘सिलिंडर आला’, ‘वीज गेली, अर्धाच’, ‘वन्सं आल्या होत्या’. आमच्या पद्धतीने मी ती सगळी क्रमवार उतरवून घेतली आहेत. त्यात एक लेबल होतं: ‘पुसू नये. हिची राहिली आहे.’ तारीख फेब्रुवारी २००३.

ही कॅसेट मोठ्या उत्सुकतेने लावली. सेंच्युरियनचं मैदान. १ मार्च २००३, विश्वचषक, भारत-पाकिस्तान. सचिनच्या ९८ धावा. आईच्या लेबलावरून नजर न फिरवता ही मॅच भरून घेणारा माणूस मीच. व्हीएचएस कॅसेटीच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती मोडली की त्यावर काही भरता येत नाही. हे मला ठाऊक होतं, आईला नव्हतं, आणि मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सचिन बाद झाल्यावर मी रेकॉर्डिंग थांबवलं, म्हणून पुढे आठवड्याच्या शेवटच्या भागाची अकरा मिनिटं उरली आहेत. ती आम्ही दोनदा पाहिली. त्यात विशेष काही नाही.

‘हिची’ म्हणजे कुणाची, यावर बैठकीत तर्क चालले. मालिकेतल्या सुनेची काही गोष्ट अर्धवट राहिली असेल, असं बहुतेकांचं मत पडलं. मीही तसंच टिपून घेत होतो. बायको चहाचे कप उचलत होती. ती म्हणाली, “माझी. त्या आठवड्यात मी तापाने पडले होते, तुम्ही विशाखापट्टणमला होतात. आई रोज आत येऊन सांगायच्या, झोप, मी भरून ठेवते.”

“मग बघितलीस नंतर?”

“कधी बघणार? तुमची मॅच होती ना त्यावर.”

त्या दोघी अकरा वर्षं एकाच दिवाणावर बसून ही मालिका बघत होत्या, आणि माझी समजूत अशी की आई सासूच्या बाजूने असणार, ही सुनेच्या. बायको म्हणते, दोघी पहिल्या दिवसापासून सुनेच्याच बाजूने. मी ते लेबलाच्या नोंदीपुढे लिहून ठेवलं आहे, सांगणाऱ्याचं नाव आणि तारखेसह. समासात प्रश्नचिन्ह घातलेलं नाही.

उरलेल्या १७ कॅसेटींचं काम या पावसाळ्याच्या आत उरकायचं आहे. कुणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर पडून असेल तर मंडळाला कळवावं. माझ्याकडच्याचं हेड आता फार दिवस टिकेलसं दिसत नाही.