न दिसणारी भिंत

सुरतेत लिंबायतमधल्या एका घरी दहा-अकरा वर्षांची मुलगी धुळ्याकडून आलेली लग्नपत्रिका आजीला वाचून दाखवत होती. "चि सौ का," असं म्हणून ती अडली. 'करण्याचे योजिले आहे' हे मात्र तिनं अचूक वाचलं आणि लगेच विचारलं, "योजिले म्हणजे काय गं?" आजीला अक्षरओळख नाही. तरी तिनं काम न थांबवता सांगून टाकलं, "ठरवलंय म्हणजे. आणि ते चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. नवरी."

सुरतेतल्या मराठी आईबापांत एक समज घट्ट रुजला आहे: घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदीमुळे देवनागरी येते, मग मराठी वाचन आपोआप येईल. या पक्षाची सर्वांत बळकट बाजू आधी मांडायला हवी. अमेरिकेत वाढणारं चिनी मूल घरी अस्खलित बोलतं, पण छापील पान त्याला मुकं असतं. चीनमध्ये 1988 साली नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची सरकारी यादी निघाली, तीत 3,500 अक्षरं आहेत. 'द' असा एकच उच्चार असलेली तीन अक्षरं तीन वेगळ्या कामांसाठी लागतात आणि घरी बोलून शिकलेला माणूस नेमका तिथे चुकतो. आपल्याकडे असं काही नाही, जसा उच्चार तसं अक्षर. मग मराठी मुलाला अडचण कसली?

याच दाखल्यावरून मला उलटा निष्कर्ष काढावासा वाटतो. चिनी आईबापांना भिंत समोर दिसते, म्हणून ते मुलांना शनिवार-रविवारच्या शाळेत घालतात. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत घरी भाषा ऐकून आलेल्यांसाठी वेगळे वर्ग असतात. वाचन आपोआप येईल, यावर तिथे कोणी विसंबून राहत नाही. आपली भिंत दिसत नाही, म्हणून आपण दारच शोधत नाही.

भिंत कुठे आहे ते पाहा. हिंदीवर वाढलेलं मूल 'घरं' वाचताना शेवटचा स्वर नाकातून काढतं, कारण तिथला अनुस्वार केवळ लांबवून म्हणायचा आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीच्या पुस्तकात दुसरी खूण त्याला कधी भेटतच नाही. हिंदीतला 'कि' मराठीत 'की' होतो, 'कवि'चा 'कवी' होतो, पण 'आणि' ऱ्हस्वच राहतो. साहित्य महामंडळाचे 1962 सालचे लेखननियम हेच सांगतात, पण ते या मुलापर्यंत पोचवायचे कुणी? शिवाय छापील मराठी ही घरातल्या मराठीची नक्कल नव्हे. 'योजिले' हा शब्द त्या घरात कुणी कधी बोललेला नसतो, तो पत्रिकेतच राहतो. आजी मात्र पन्नास लग्नांत तो ऐकत आली आहे.

दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. मूल शिकायला बसलं की त्याला 'कमळ'पासून सुरुवात करायला लावतात आणि वर म्हणतात, आधी ती अहिराणी सोड. सुरतेत आलेली बहुतेक मराठी कुटुंबं खानदेशातली, तापीकाठच्या रेल्वेनं आलेली. त्यांच्या घरी 'मला'चं 'मले' होतं आणि 'शाळा'ची 'शाया'. ग्रियर्सननं 1907 साली आपल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजेच अहिराणी, मराठीच्या खंडात न घेता भिली भाषांबरोबर ठेवली. ती वर्गवारी पटो न पटो, ही बिघडलेली मराठी नाही एवढं तरी त्यातून कळतं. नवापूर स्टेशनावर एका बाकावर अर्धा भाग महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात असं लिहिलेलं आहे. अहिराणीही तशीच दोन्हीकडे बसलेली: तिचं 'ना-नी-नं' गुजरातीच्या 'नो-नी-नुं'ला लागून आहे.

हे भांडवल आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहिताना दोन्ही सारखेच, पण कोणता 'ज' कुठे म्हणायचा हे या मुलीला कानानं ठाऊक असतं. परक्या माणसाला ते शिकायला महिने लागतील. गुजरातीमुळे तीन लिंगं तिच्या जिभेवर आहेत, 'ळ'सुद्धा आहे. हिंदीत यातलं काहीच मिळत नाही. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा सुरतेत आहेत, आणि तिथे जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला बाराखडी पुन्हा गिरवायला लावणं म्हणजे त्याचा अपमान. त्याला हवेत आठवड्याचे दोन तास, मोठ्यानं वाचायला खरा मजकूर, आणि शेजारी बोली बोलणारं एक माणूस.

त्या दिवशी मी मुलीला एवढंच सांगितलं की टिंब दिसलं तर शब्द तोडलाय असं समज. तिनं पत्रिका उलटवली. खाली पत्ता होता. "मु. पो.," ती थांबली, मग 'ता.' आणि 'जि.' तिनं आपोआप तालुका, जिल्हा असं वाचलं, कारण गुजराती पत्त्यांत ते तसंच असतं. मग मागे येऊन तिनं 'मु.'वर बोट ठेवलं आणि आजीकडे पाहिलं.

"मुक्काम," आजी म्हणाली.