डिक कोलचं सेवापुस्तक आणि सागवानाचे ओंडके

ज्यांनी शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी केली, त्यांना सेवापुस्तक म्हणजे काय हे सांगायला नको. माझ्या सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंद राहून गेली होती. ती दुरुस्त करून घ्यायला निवृत्तीनंतर तीन वर्षं हेलपाटे घातले. (कचेरीचं नाव घेत नाही. तिथले लोक आता तेही निवृत्त झाले असतील आणि हेलपाटे घालत असतील.) तेव्हापासून कुणाचंही चरित्र वाचताना माझं लक्ष आधी नोंदींकडे जातं.

परवा अशाच नोंदी वाचल्या त्या रिचर्ड कोल या अमेरिकन वैमानिकाच्या. लोक त्याला डिक म्हणत. जन्म ७ सप्टेंबर १९१५, डेटन, ओहायो. म्हणजे राइट बंधूंच्या गावचाच. १८ एप्रिल १९४२ रोजी डूलिटलच्या नेतृत्वाखाली सोळा बॉम्बफेकी विमानं विमानवाहू जहाजावरून उडाली आणि टोकियो व जपानच्या इतर शहरांवर गेली. त्यातल्या पहिल्या विमानात डूलिटलच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसला होता तो हा कोल. परतीला इंधन संपलं, रात्री वादळात चीनवर उड्या टाकल्या. कोलची हवाई छत्री एका झाडात अडकली आणि पठ्ठ्या पहाटेपर्यंत झाडावरच राहिला. या एका मोहिमेमुळे तो जगाला माहीत आहे. मला मात्र त्याच्या नोंदीतली पुढची ओळ महत्त्वाची वाटते, ती अशी की ऑक्टोबर १९४३ ते जून १९४४ तो पुन्हा चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होता. बस, एवढंच. या एका ओळीत ५ मार्च १९४४ची रात्र दडलेली आहे.

ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात होता. जनरल विंगेटचे 'चिंडिट' सैनिक जपानी फौजेच्या पाठीमागे, ऐन जंगलात उतरवायचे होते. तिथे धावपट्टी कुठली? म्हणून आधी ग्लायडर न्यायचे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, थोडं प्लायवूड. आत दोन वैमानिक आणि तेरा सैनिक, नाहीतर एखादी जीप किंवा खेचरं. डकोटा विमानाने नायलॉनच्या दोराने ते ओढत न्यायचं आणि जागा आली की दोर सोडायचा. पुढे ग्लायडरच्या वैमानिकाचं नशीब. एकदा खाली निघालं की पुन्हा वर जाता येत नाही.

त्या रात्री एकेका डकोटामागे दोन-दोन ग्लायडर बांधले होते, एक दोर लांब, एक आखूड, म्हणजे आपसात टक्कर नको. जादा सामान भरलेलं, इंजिनं तापलेली, समोर सात-आठ हजार फुटी डोंगर, आणि अंधार. आमच्याकडे बैलगाडीला मागून दुसरी गाडी बांधली तर घाटात काय होतं ते आठवा. तसंच झालं. अनेक दोर तुटले, ग्लायडर कुठेकुठे जंगलात पडले. सिल्चरजवळच्या लालाघाट विमानतळावरून साठेक ग्लायडर निघाले, ठरल्या जागी पोचले पस्तीसच्या आसपास. हे ओढणाऱ्या वैमानिकांमध्ये कोल होता.

आता ओंडक्यांकडे येतो, कारण मी चांद्याचा माणूस आहे.

उतरायच्या मोकळ्या जागांना पिकॅडिली, ब्रॉडवे, चौरंगी अशी मोठ्या शहरांतल्या रस्त्यांची नावं होती. जपान्यांना सुगावा लागू नये म्हणून विंगेटने त्या जागांवरून विमान न्यायला बंदी केली होती. अमेरिकन कर्नल कॉक्रनने ती न जुमानता त्या दुपारी एक विमान पाठवलंच. फोटो धुऊन हातात आले तेव्हा उड्डाणाला थोडाच वेळ उरला होता. पिकॅडिलीवर लाकडाचे ओंडके आडवेतिडवे पसरलेले! सगळ्यांना वाटलं, बेत फुटला, जपान्यांनी वाट अडवली. शेवटी पिकॅडिली सोडून सगळ्यांनी ब्रॉडवेला जायचं ठरलं आणि तासाभराच्या उशिराने विमानं निघाली. पुढे उलगडा झाला तो असा की ते ओंडके जपान्यांनी टाकलेच नव्हते. तिथल्या लाकूडतोड्यांनी सागवान वाळायला मोकळ्यावर आणून टाकलं होतं.

हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. माझे वडील वनखात्यात नाकेदार होते, आलापल्लीच्या बाजूला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता (तो १९८२ साली झाला), सगळा चांदाच. मोकळ्या जागी लाकूड पडलेलं दिसलं की आम्हा पोरांना कळे, कूप तुटलाय. वडिलांना तो फोटो दाखवला असता तर म्हणाले असते, "अरे, हे वाळू घातलंय."

पण हसू पुढच्या पानावर गेलं. ब्रॉडवेच्या फोटोत ओंडके नव्हते, जागा स्वच्छ दिसत होती. पण पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून सागवान ओढून नेल्याचे खोल चर तिथे पडले होते आणि त्यावर उंच गवत वाढलं होतं. फोटोत गवत दिसतं, चर दिसत नाहीत. पहिल्या ग्लायडरांची चाकं त्या चरांत गेली, मोडली. ते बाजूला ओढायच्या आत मागचे येऊन आदळले. थांबा म्हणून सांगायची सोय नाही, कारण दोर सुटलेला. तीसेक माणसं गेली.

वडील मला रानात नेत तेव्हा एकच ताकीद असे, की ओढाच्या वाटेवर गवत असेल तर काठी टाकून चाल. तिथे बैलाचे, हेल्यांचे पाय मोडलेले त्यांनी पाहिले होते.

ब्रॉडवेवर ब्रिगेडियर काल्व्हर्टने 'सोया लिंक' हा सांकेतिक शब्द पाठवला, म्हणजे पुढची विमानं थांबवा. (सोया लिंक हे सैनिकांना नकोसं झालेलं एक खाणं होतं, म्हणून अपयशाला त्याचं नाव!) सकाळी चर बुजवायला सुरुवात झाली, एक छोटा बुलडोझर शाबूत उतरला होता. 'पोर्क सॉसेज' हा यशाचा शब्द गेला आणि त्या संध्याकाळीच डकोटा उतरू लागल्या. आठवड्याभरात नऊ हजारांवर माणसं आणि तेराशेच्या वर खेचरं-घोडी आत पोचली. विंगेट मात्र २४ मार्चला विमान अपघातात गेला.

कोलला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस एकूण तीनदा मिळाला. अमेरिकेत दुसऱ्यांदा तेच पदक मिळालं की फितीवर ओकच्या पानांचा छोटा गुच्छ लावतात. सागाच्या पानाचा कुठे उल्लेख नाही, तो असायचं कारणही नाही. १९६६ अखेर तो लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला, डूलिटलच्या ऐंशी जणांतला शेवटचा उरला आणि ९ एप्रिल २०१९ रोजी १०३व्या वर्षी गेला. कर्नल ही बढती त्याला मरणोत्तर मिळाली, २०२१च्या ७ सप्टेंबरला, वाढदिवशी. माझी तीन वर्षं त्यापुढे काहीच नाहीत म्हणायची.

वडिलांच्या सेवापुस्तकाची नक्कल माझ्या पेटीत आहे. काल काढून पाहिली. बदल्या, रजा, आणि एका ठिकाणी 'काम समाधानकारक'. खाली रेंजरसाहेबांची सही, तीही आता लागत नाही.