आकड्यामागची माणसे
१९७७ साली नेमलेल्या न्या. जे. सी. शहा आयोगाने आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी केली. १९७८ साली तीन अहवाल दिले. नसबंदीशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद त्यांत आहे. आकडा किती ते सांगतो. कोण ते सांगत नाही.

सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली संमत करणारे पहिले विधिमंडळ महाराष्ट्राचेच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. पुरोगामित्वाची बिरुदे मिरवणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. पण सरकारी माणसाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ भूमिहीनाला नुसत्या कलमाने येत नाही.

नगर जिल्ह्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो : वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, लिहून घ्या. आयोगाचे दप्तर बंद झाले. आपले अजून उघडलेले नाही.