झूक आणि किझोंबा

झूक आणि किझोंबा : अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवरील आफ्रिकी वंशाच्या समाजांत घडलेले संगीतप्रकार व त्यांच्याशी निगडित युगुलनृत्ये. नृत्यवर्गांत व महोत्सवांत ही नावे जोडीने घेतली जात असल्याने ती एकाच नृत्याची दोन रूपे आहेत, असा समज पसरला आहे. वास्तविक झूक हे मूळचे कॅरिबियन बेटांवरील संगीत आहे. किझोंबा हे अंगोलातील संगीत आणि नृत्यही आहे. जगभर ‘झूक’ म्हणून शिकवले जाणारे नृत्य मात्र बहुतांशी ब्राझीलमधील आहे. या तिन्ही धारा जोडल्या गेल्या त्या संगीतामुळे. त्यांचा पदन्यास ज्या त्या भूमीतला आहे.

झूक संगीत : ग्वादलूप व मार्तिनीक ही फ्रान्सच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटे. १९७० च्या दशकात तेथील नृत्यगृहांवर हैतीच्या कोंपा आणि डॉमिनिका बेटावरील कादान्स या संगीताचा पगडा होता. आपल्या बेटांचे स्वतःचे आधुनिक संगीत असावे, या ध्यासातून ग्वादलूपचे प्येर-एदुआर देसिम्यूस व गिटारवादक झाकोब देव्हार्यू यांनी १९७९ मध्ये ‘कास्साव’ हा वाद्यवृंद उभा केला. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेले ग्वो का ढोल आणि कार्निव्हलच्या मिरवणुकीतील ताल हा त्यांचा पाया होता. त्यावर पितळी सुषिरवाद्ये, सिंथेसायझर आणि पॅरिसच्या स्टुडिओंतील तंत्राची जोड त्यांनी दिली. गीते बेटांवरील क्रिओल भाषेत होती. शाळा आणि कचेऱ्यांतून दुय्यम ठरवलेल्या या भाषेला त्यामुळे मोठ्या रंगमंचावर मान मिळाला. १९८४ मधील ‘झूक-ला से सेल मेदिकामां नू नी’ या गीताने हा प्रकार कॅरिबियनबाहेर नेला. कास्सावमधील झोसलीन बेरोआर, झां-फिलिप मार्तेली व पात्रिक सेंत-एल्वा यांच्या गायनाने त्याला वेगवेगळे रंग दिले. पुढे या जलद झूकपेक्षा संथ, प्रेमगीतप्रधान ‘झूक-लव्ह’ युगुलनृत्यासाठी अधिक रुळला. देव्हार्यू यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

किझोंबा : किझोंबाची मुळे अंगोलाची राजधानी लुआंडा येथील सेंबा या लोकप्रिय गीतनृत्यात आहेत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्गोला रित्मुश’ या वाद्यवृंदाने किंबुंदू या स्थानिक भाषेतील गीते व तेथील ताल शहरी मंचावर आणले. पोर्तुगीज राजवटीत असे गाणे म्हणजे स्वत्वाची घोषणा होती. वृंदातील काही सदस्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. लुआंडाच्या मुसेक म्हणजे गरीब वस्त्यांतील अंगणांत जोडीने नाचण्याची रीत याच काळात रुजत होती. किझोंबा हा शब्दही किंबुंदूतील असून त्याचा अर्थ मेजवानी वा उत्सव असा आहे.

अंगोला १९७५ मध्ये स्वतंत्र झाला आणि लगेच यादवी युद्धात सापडला. ते २००२ पर्यंत चालले. १९८० च्या दशकात कास्सावच्या ध्वनिमुद्रिका लुआंडात पोहोचल्या, वृंदाचे कार्यक्रमही तेथे झाले. झूकचा ठेका अंगोलाच्या तरुणांना आपलासा वाटला. संगीतकार एदुआर्दू पाइं आणि त्यांचा ‘एस.ओ.एस.’ हा गट यांनी सेंबाची लय, झूकचा ठेका आणि कीबोर्ड व ड्रम मशीन यांच्या साहाय्याने नवे संगीत बांधले. त्यालाच किझोंबा हे नाव रूढ झाले. गायक पाउलो फ्लोरेस यांनी त्यात लुआंडाच्या रोजच्या जगण्याची सुखदुःखे गायली. नाचणाऱ्यांनी मात्र पाय सेंबाचेच ठेवले : तीच चाल संथ झाली आणि मिठी अधिक घट्ट झाली.

नृत्याचे स्वरूप : किझोंबात दोघांचे धड जवळ असते आणि चालीचा संकेत हातांपेक्षा छातीतून व शरीराच्या भारातून दिला जातो. गुडघे सैल, पाऊल जमिनीलगत, आणि शरीरात ‘जिंगा’ म्हणजे सहज झोका असतो. पुढाकार घेणारा बाजूला वळून जोडीदारासाठी वाट मोकळी करतो, त्या मूलभूत चालीला ‘सैदा’ म्हणतात. चाली थोड्या, पण विराम आणि तालाची जाण यांना महत्त्व मोठे. म्हणून हे नृत्य दिसायला सोपे आणि साधायला अवघड आहे. अंगोलात लग्नात, बारशाला, घरगुती समारंभात आजीआजोबांपासून मुलांपर्यंत सगळे ते नाचतात. मिठीला तेथे कौटुंबिक आपुलकीचा अर्थ आहे. जवळजवळ जागच्या जागी, कंबरेच्या सूक्ष्म हालचालींनी केला जाणारा ‘ताराशिन्या’ हा त्याचा निकटचा प्रकार होय.

ब्राझीलियन झूक : या नृत्याचे मूळ लांबाडा या नृत्यात आहे. १९८९ मध्ये पॅरिसमधील ‘काओमा’ गटाच्या ‘लांबाडा’ या गीताने युरोपभर धुमाकूळ घातला. ते बोलिव्हियाच्या ‘लोस क्यार्कास’ गटाच्या १९८१ मधील गीतावर परवानगीविना बेतलेले असल्याचे पुढे सिद्ध झाले. लांबाडा नृत्य उत्तर ब्राझीलच्या पारा राज्यातून बाइया राज्यातील पोर्तो सेगुरो या किनारी गावात येऊन बहरले होते. लाट ओसरल्यावर नवी लांबाडा गीते येईनाशी झाली, तेव्हा नर्तकांनी कॅरिबियन झूकच्या तालावर तेच नृत्य सुरू ठेवले. संगीत संथ असल्याने हालचालींना लांबी मिळाली. रिओ द जानेरोत आदिलियो पोर्तो व रेनाता पेसान्या यांनी त्याला शिकवण्याजोगी शिस्त दिली. एक दीर्घ व दोन ऱ्हस्व पावलांचा क्रम, धडाच्या लाटा आणि स्त्रीच्या मानेची वर्तुळाकार हालचाल ही त्याची ओळख आहे. मान दुखावण्याचा धोका असल्याने ही हालचाल पाठीच्या वरच्या भागातून, जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावी लागते.

प्रसार : किझोंबाच्या जागतिक प्रसाराचे केंद्र लिस्बन ठरले. अंगोला, केप व्हर्द, गिनी-बिसाउ व मोझांबिक येथील स्थलांतरित तेथील आफ्रिकी नृत्यगृहांत एकत्र येत. केप व्हर्दच्या कलावंतांनी, विशेषतः रॉटरडॅममध्ये स्थायिक झालेल्यांनी, आपल्या क्रिओल भाषेतील स्वतःचे झूक रचले. आज किझोंबा म्हणून वाजणारी पुष्कळ गीते त्यांची आहेत. २००० नंतर साल्सा महोत्सवांमधून किझोंबा नृत्य युरोपभर गेले. पॅरिसमध्ये हिप-हॉप व आर अँड बीच्या प्रभावाने सरळ रेषेतील चाली, ताठ पाय आणि अचानक थांबे असलेली शैली निघाली. अंगोलाच्या शिक्षकांनी तिला किझोंबा म्हणण्यास हरकत घेतली आणि २०१५ च्या सुमारास तिला ‘अर्बन किझ’ हे वेगळे नाव रूढ झाले. भारतात मुंबई, पुणे, बेंगळुरू आदी शहरांत साल्सा व बचाटाच्या जोडीने किझोंबाचे वर्ग चालतात.

लोकप्रियतेचे मुख्य कारण या नृत्यांच्या सामाजिकतेत आहे : ठरीव रचना पाठ न करता अनोळखी जोडीदाराबरोबरही ती तत्क्षणी नाचता येतात. त्यासाठी संमती आणि परस्परांचा आदर अनिवार्य आहे. त्याचबरोबर वर्गांत चाली शिकवताना सेंबा, ग्वो का आणि लांबाडा यांचा परिचय करून देणे अगत्याचे आहे. ज्या समाजांनी गुलामगिरी, परसत्ता आणि युद्ध सोसत हे ताल जपले, त्यांचे श्रेय त्यांच्या नावावर राहिले पाहिजे.