शाईचे कूळ

श्रावणात मुळशीच्या जलाशयावर पाऊस धरला म्हणजे पलीकडच्या डोंगरांच्या कडा आधी फिकट होतात, मग विरतात, आणि ताम्हिणीकडून उतरलेल्या धुक्यात आकाश कोठे संपले व पाणी कोठे सुरू झाले याचा निवाडा करणे अशक्य होते. अशाच एका दुपारी काठावरच्या पडवीत बसून मी ओल्या कागदावर शाईचा एक थेंब सोडला; मध्ये गडद, भोवती विरळ आणि कडेला केसासारखे फाटे फुटलेला तो थेंब स्थिरावला, तेव्हा या काळ्या द्रव्याचे कूळ शोधावेसे वाटले.

‘शाई’ हा शब्द फारसी ‘स्याही’चा, म्हणजे काळेपणाचा, वंशज; संस्कृतातील ‘मषी’ला मागे सारून तो दफ्तराच्या वाटेने आपल्या घरात शिरला. काजळी आणि डिंक यांच्या खलातून निघालेली ही शाई बोरूच्या टोकाने कारकुनांच्या कागदांवर मोडीची वळणे रेखीत असे. चीनमध्येही मूळ द्रव्य काजळीच. पण तेथे ती सरसात मळून तिच्या वड्या सुकवीत, आणि देवघरात आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी ती वडी दगडावर पाण्याबरोबर उगाळीत. पाणी किती, यावर काजळकाळ्यापासून राखेच्या पुसटपणापर्यंत सर्व छटा अवलंबून; उरलेले काम कोऱ्या कागदाचे. जपानचा चित्रकार सेश्शू याने 1495 साली मोजक्या फटकाऱ्यांत डोंगर उभे केले, आणि 1952 साली क्योतोत स्थापन झालेल्या ‘बोकुजिनकाई’ या सुलेखनकारांच्या मंडळाने कुंचल्याच्या अक्षराला वाचनीयतेच्या सक्तीतून सोडवून आधुनिक अमूर्त चित्राच्या शेजारी नेऊन बसविले.

हिंदुस्थानात 1903 साली ताइकान व शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले आणि बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांनी त्यांच्याकडून ओल्या रंगलेपाची रीत उचलली. परंतु तिच्यात धुके आले, शाईचा निग्रह आला नाही, असे माझे मत आहे. तो निग्रह मला दिसतो वासुदेव गायतोंडे यांच्यापाशी. गोमंतकीय कुळातील, 1924 साली नागपुरात जन्मलेला आणि 1948 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेला हा चित्रकार पॉल क्लेच्या प्रभावातून निघून आकृतीचा त्याग करीत गेला, 1957 साली तोक्योच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिकाचा मानकरी ठरला, आणि झेन विचार हा त्याच्या मौनाचाच भाग झाला. 1984 साली झालेल्या एका अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे शक्य नव्हते, तेव्हा त्याने लहान कागद आणि शाई जवळ केली.

त्या कागदांवरच्या खुणा कोणत्याही लिपीच्या नाहीत, तरी त्यांच्यात हात थांबल्याचे आणि पुन्हा निघाल्याचे स्पष्ट कळते. मला त्यांत बोरूचे वळण दिसते, आणि त्याच क्षणी मुळशीची विरलेली कडाही. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे गायतोंड्यांना मान्य नव्हते. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही.