आरोग्यनोंदींची विश्वासार्हता : शिरूर व दौंड तालुके

क्षय, कुष्ठरोग, उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारख्या रोगांवर गावपातळीवर चालणाऱ्या उपचार कार्यक्रमांत जी माहिती गोळा होते, तिचा खरेपणा आणि तो राखताना येणाऱ्या अडचणी हा येथे प्रश्न आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन अंगांचे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष उपयोगी आहेत. २०११च्या जनगणनेत शिरूरची लोकसंख्या सुमारे ३.८५ लाख आणि दौंडची सुमारे ३.८० लाख होती. बागायती ऊस, जिरायती माळ, औद्योगिक वसाहती आणि पुण्याकडे धावणारे रस्ते हे सारे येथे एकाच पट्ट्यात आहे. रोगी किती, हे मोजणे येथे तुलनेने सोपे आहे. ते किती माणसांमधले, हे सांगणे फार अवघड आहे. या भागातील बहुतेक आकडे याच ठिकाणी कच्चे राहतात.

शिरूरमध्ये रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे आणि दौंडमध्ये कुरकुंभ येथे कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून कामगार आले. ते भाड्याच्या खोल्यांत राहतात, काम बदलले की खोलीही बदलते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडणी टोळ्या उतरतात आणि हंगाम संपला की परततात. दौंडची गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या यांवरचे मजूर वेगळेच. यांतल्या एखाद्या बाईला क्षयाची औषधे सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात टोळी हलली, तर उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये उपचार खंडित झाल्याची नोंद होते. ती पुढच्या गावी औषध घेत असली तरीही. उलट बाजूने, पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. मग गरोदरपणाची नोंद सासरच्या गावी, प्रसूतीची माहेरी आणि बाळाच्या लसीची पुन्हा सासरी होते. तीन ठिकाणचे तुकडे जुळले नाहीत, तर एकच बाळ दोनदा मोजले जाते किंवा एकदाही नाही.

गावाची लोकसंख्या कोठून घ्यायची, हा पुढचा प्रश्न. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा शासनाचा निकष आहे. २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे उद्दिष्टे २०११च्या आकड्यांवर वाढ धरून ठरत गेली. जे गाव मधल्या काळात दुप्पट झाले, तेथे लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जाते. जे गाव ओस पडत चालले, तेथील आरोग्यसेविका विनाकारण मागे पडलेली दिसते. शंभराहून अधिक टक्के हा कामाचा पुरावा नसून भाजक चुकल्याचा पुरावा आहे, हे आढावा बैठकीत स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

या अडचणीवरचे सर्वांत भक्कम उत्तर शिरूर तालुक्यातच उभे राहिले. वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आरोग्यसंशोधनात ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या ग्रामीण कार्यक्रमामुळे ओळखले जाते. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तेथे गावातल्याच स्वयंसेविका तयार करून हे काम वाढवले. १९९३ साली त्यांना लोकसेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२पासून केईएमच्या संशोधन केंद्राने शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत आरोग्य व लोकसंख्येची सततची पाहणी सुरू केली. प्रत्येक घराला आणि प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक दिला जातो आणि ठरावीक काळाने त्याच दारात पुन्हा जाऊन जन्म, मृत्यू, गरोदरपण, लग्न, गावात येणे आणि गाव सोडणे नोंदले जाते. पाहणीखालची लोकसंख्या एक लाखावर गेली आहे. हे केंद्र आफ्रिका व आशियातील अशाच पाहणी केंद्रांच्या ‘इनडेप्थ’ या जाळ्यात सामील झाले.

अशा पायाशिवाय काही संशोधने शक्यच होत नाहीत. भारतात बनलेल्या रोटाव्हॅक या अतिसारावरील लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू या तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर झाली. जुलाब झालेले बाळ रुग्णालयात येईल, याची वाट न पाहता कार्यकर्ते वारंवार घरी जाऊन चौकशी करत. २०१६ साली ही लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली. मात्र वढूची पाहणी दौंडपर्यंत पोहोचत नाही. भीमेपलीकडे उपकेंद्राचे रजिस्टर, गावच्या आरोग्य स्वयंसेविकेची म्हणजे आशाताईंची वही आणि खासगी दवाखान्यांची बरीचशी न मिळणारी माहिती यांवरच भिस्त आहे.

माणूस सापडला तरी उत्तर खरे मिळेलच असे नाही. जुन्या पिढीला जन्मतारीख माहीत नसते. मग पानशेतचा पूर (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७) किंवा बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधाराने वय काढावे लागते. तसे न केल्यास वये ५०, ६०, ७० अशा गोल आकड्यांवर गोळा होतात. रक्तदाबाचेही तेच. पाच मिनिटे शांत बसवून, योग्य मापाचा पट्टा बांधून मोजले नाही, तर रजिस्टरभर १२०/८० आणि १३०/८० दिसू लागतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक बायका ‘नाही’ म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरे असते, कारण सकाळी दातांना लावायची मिश्री त्या तंबाखूत धरत नाहीत. मिश्रीचे नाव घेऊन वेगळे विचारावे लागते. चुलीच्या धुराचेही तसेच आहे. ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारले, तर दम्यासारख्या फुप्फुसविकाराचे मोठे कारण कागदावर येतच नाही.

प्रकृती कशी आहे, या प्रश्नाचे उत्तरही अपेक्षेवर अवलंबून असते. गुडघे धरलेली सत्तरीची आजी ‘बरं आहे’ म्हणते, कारण त्या वयात गुडघे दुखणारच असे ती धरून चालते. २००७च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांविषयीच्या अभ्यासाचा भाग म्हणून वढूत पन्नाशीपुढील लोकांची पाहणी झाली. तिच्यात काल्पनिक व्यक्तींची छोटी वर्णने वाचून दाखवून त्या व्यक्तींची अडचण किती मोठी, हे विचारण्याची पद्धत वापरली गेली. सर्वांसमोर एकच वर्णन असल्याने, कोण दुखण्याला कमी लेखतो आणि कोण जास्त, याचा अंदाज घेता येतो.

काही रोग लपवले जातात. लग्नाच्या मुलीला क्षय झाला, तर घरचे तिला पुण्याला नेतात आणि पत्ता नातेवाइकांचा देतात. २०१२पासून खासगी डॉक्टरांनीही क्षयरुग्ण कळवणे बंधनकारक आहे, त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंद सुरू झाली आणि एप्रिल २०१८पासून पोषणासाठी, सुरुवातीला महिना ५०० रुपये, थेट खात्यात येऊ लागले. पैशामुळे नोंद वाढते, पण खाते, आधार, मोबाइल यांपैकी एक नसेल तर माणूस अडतो. गोळी दिली म्हणजे गोळी पोटात गेली, असेही नाही. औषधाच्या पाकिटामागे लपवलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची युक्ती देशात वापरली गेली; तिने कॉल मोजला जातो, गिळलेली गोळी नव्हे.

कुष्ठरोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रादुर्भावाचा दर काढताना त्या दिवशी उपचाराखाली असलेलेच रुग्ण मोजतात. बहुजीवाणू प्रकाराच्या औषधोपचाराचा काळ १९९०च्या दशकाच्या अखेरीस २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला, तेव्हा रोगाचा प्रसार तसाच असतानाही रजिस्टरवरची संख्या घटली. डिसेंबर २००५मध्ये देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी हे लक्ष्य गाठले. त्यानंतर घरोघरचा शोध ढिलावला आणि २०१६पासून पुन्हा शोधमोहिमा घ्याव्या लागल्या. अंगावरचा चट्टा पाहायचा तर कपडे दूर करावे लागतात. तपासणीला बाई नसेल, तर बायकांची तपासणी कागदावरच उरकते.

माहिती गोळा करणारीवरचा भारही नोंदींत उतरतो. आशाताई या २००५नंतरच्या ग्रामीण आरोग्य अभियानातील स्वयंसेविका. त्यांच्या मानधनाचा मोठा भाग कामागणिक मिळतो. वही, रजिस्टर, मोबाइलवरील अॅप, मासिक अहवाल अशी एकच गोष्ट चारदा लिहावी लागते. वस्तीवर रेंज नसते, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा कंपनीत असतो. उद्दिष्ट चुकले की जाब विचारला जातो. ‘रुग्ण सापडला नाही’, ‘गोळी घेतली नाही’ असे खरे लिहिणारीची पाठराखण क्वचितच होते. यातून पोकळ नोंदी तयार होतात, आणि त्याचा दोष वस्तीवर पायी जाणाऱ्या बाईला देणे अन्यायाचे आहे. घरच्यांचाही कंटाळा खरा असतो. वर्षानुवर्षे तेच विचारून नेणारे उपचार काय देतात, हे त्यांना पाहायचे असते. वढूत पाहणीबरोबर रुग्णालयही आहे, म्हणून दार उघडे राहायला मदत होते.

मृत्यूचे कारण ही सर्वांत कच्ची नोंद. १९६९च्या कायद्यानुसार मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो आणि गावात ती नोंद ग्रामपंचायतीत होते. घरी मृत्यू आला, तर कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘झटका’ लिहून जाते. त्यावर उपाय म्हणून सुतकाचे दिवस गेल्यावर प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जातो, शेवटच्या आजाराची लक्षणे क्रमाने विचारतो आणि डॉक्टर ती वाचून कारण ठरवतात. वढूत ही पद्धत वापरली गेली आहे. देशभरात तिच्याच आधारे २००५मध्ये सर्पदंशाने सुमारे ४६,००० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. शासकीय रुग्णालयांच्या अहवालांत त्यांचा अगदी थोडा अंश होता, कारण साप चावलेली बरीच माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नव्हती.