मुद्रकाच्या ओळीपासून मानकचिन्हापर्यंत : वाचनसाधनाच्या नियमनाचा एक आलेख

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्यात छापलेली मराठी पुस्तके चाळू लागले असता मुखपृष्ठावर किंवा त्याच्या पाठीमागे छापखान्याचे नाव, पेठेचा किंवा गावाचा निर्देश, प्रसिद्ध करणाराचे नाव आणि पुष्कळदा सन १८६७ च्या २५ व्या ‘आक्टा’चा उल्लेख आढळतो. सामान्य वाचकाची दृष्टी या मजकुरावर क्वचितच ठरते. ग्रंथाच्या आशयाशी त्याचा संबंध नाही. ग्रंथकाराने तो स्वखुषीने घातलेला नाही. तो राज्यसंस्थेने घालावयास लावला आहे. आज इलेक्ट्रॉनिक पुस्तकवाचक, म्हणजे लोकव्यवहारातील ‘ई-रीडर’, हाती घेऊन उलटा केला तर त्याच्या पाठीवरही असाच एक न वाचला जाणारा मजकूर असतो : मानकाचा क्रमांक, नोंदणीचा क्रमांक, विद्युत्‌दाबाचे आकडे, फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र. हे दोन मजकूर एकाच जातीचे आहेत. वाचनाचे साधन बाजारात येण्यापूर्वी राज्यसंस्थेने त्याला जे प्रश्न विचारले, त्यांची ती उत्तरे होत. प्रश्न मात्र दीडशे वर्षांत पार बदलले आहेत, आणि या बदलात मराठी वाचकाच्या पदरी काय पडले व काय निसटले, हे पाहण्यासारखे आहे.

१८६७ च्या कायद्याने १८३५ चा अकरावा कायदा रद्द करून त्याची जागा घेतली. त्यातील तिसऱ्या कलमान्वये प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, आणि पुस्तक प्रसिद्ध झालेले असल्यास प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ, सुवाच्य रीतीने छापणे आवश्यक झाले. नवव्या कलमाने सरकारास विनामूल्य प्रती द्याव्या लागत. अठराव्या कलमाने या प्रतींची नोंद ठेवण्याची व्यवस्था केली, व तीतूनच प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक ग्रंथयाद्या निघाल्या. या याद्यांचे रकाने आजच्या संशोधकास थक्क करून सोडतात. नाव, भाषा, विषय, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, किंमत हे तर त्यांत आहेच. परंतु प्रती किती काढल्या आणि पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळेवर, हेही विचारलेले आहे. मुंबई इलाख्यात मराठी पुस्तक किती खपण्याची अपेक्षा होती, शिळाप्रेस केव्हा मागे पडला, पुण्याचा वाटा केव्हा वाढला, या प्रश्नांस आज जी काही साधार उत्तरे देता येतात त्यांचे एक मोठे साधन म्हणजे ही सक्तीची नोंद. कायद्याचा हेतू वाङ्मयेतिहासाची सेवा करण्याचा नव्हता. सत्तावनच्या उठावानंतरचे सरकार देशी भाषांत काय छापले जाते याकडे डोळे लावून बसले होते. पण पाळतीसाठी केलेली नोंदच पुढे सूचिकारांच्या उपयोगी पडली. पुण्यात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची मराठी ग्रंथसूची १९४३ साली प्रसिद्ध केली. नोंदीची शिस्त म्हणजे काय याचा तो मराठीतील वस्तुपाठ आहे.

म्हणजे या काळात पुस्तकातील ‘धोका’ अर्थात होता. पुस्तक कोणास भाजत नव्हते, कोणास विद्युत्‌धक्का देत नव्हते. ते बोलत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेचा शेवटचा दीर्घ निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याखाली सरकारजमा ठरला, आणि त्यावरील बंदी काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३७ साली उठली. सत्तेच्या लेखी निबंधकार जाऊनही निबंध ज्वालाग्राहीच राहिला होता.

वास्तविक छापील पुस्तकात एक भौतिक धोकाही होता. पण तो वाचकाच्या वाट्यास येत नसे. छापखान्यातील खिळे शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचे असत. देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा व वेलांट्या यांमुळे मराठी जुळाऱ्याच्या केसांत रोमन लिपीपेक्षा कितीतरी अधिक खिळे लागत, आणि दिवसाचे आठ-दहा तास त्याची बोटे त्या शिशातून फिरत. शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत, अगदी पहिल्या क्रमांकावर होती. परंतु पुस्तकाच्या पाठपानावर या शिशाचा उल्लेख कधीच आला नाही. वाचकास पुस्तक निर्धोक होते, आणि ज्याने ते जुळविले त्याची गोष्ट निराळ्या कायद्यात, निराळ्या खात्याकडे होती. ही विभागणी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटते.

वस्तूच्या शरीराची परीक्षा करणारी यंत्रणा आपल्याकडे बरीच नंतर उभी राहिली. भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्ये स्थापन झाली. १९५२ च्या अधिनियमाने तिच्या प्रमाणचिन्हास कायद्याचा आधार मिळाला, आणि ‘आयएसआय’ ही तीन अक्षरे पुण्या-मुंबईच्या घरात इस्त्री व शेगडीबरोबर आली. १९८६ च्या अधिनियमाने तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले. २०१६ चा नवा अधिनियम ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आला. याच्या बाजूने आणखी एक धारा वाहत होती. १९३३ च्या बिनतारी तारायंत्रविषयक कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला होता. घरच्या रेडिओसाठी डाकघरात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, ही आठवण जुन्या पिढीस आहे. आजचा पुस्तकवाचकही वाय-फायमुळे तांत्रिक अर्थाने बिनतारी यंत्रच आहे. त्यासाठी वाचकास परवाना काढावा लागत नाही, याचे कारण जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांस दिलेली सूट हे होय. यंत्राची संमती उत्पादकाने किंवा आयातदाराने घ्यावयाची, वाचकाने नव्हे. १८६७ मध्येही प्रतिज्ञापत्र छापखान्याच्या मालकाने करावयाचे होते. वाचक तेव्हाही सुटा होता.

विद्युत्‌शाईचा पडदा असलेले पहिले व्यापारी वाचनयंत्र २००४ साली जपानात सोनी कंपनीने आणले. किंडल २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आले. भारतात अहमदाबादच्या इन्फिबीम कंपनीने ‘पाय’ नावाचे यंत्र २०१० साली विकावयास काढले, व किंडलची रीतसर विक्री ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाली. या पडद्याचे वैशिष्ट्य असे की पान बदलतानाच काय ती वीज खर्च होते. स्थिर पानास ती लागत नाही. त्यामुळे लहानसा विद्युत्‌घट आठवडेच्या आठवडे पुरतो. परंतु तो घट लिथियम-आयन जातीचा असतो, आणि त्यातील द्राव ज्वलनशील असतो. आत धन व ऋण पट्ट्यांचा स्पर्श झाला, तर उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, त्या क्रियेने उष्णता आणखी वाढते, आणि हे चक्र बाहेरून थांबविता येत नाही. वाचनयंत्राच्या सुरक्षिततेची सारी चर्चा अखेर या एका बोटभर जाडीच्याही नसलेल्या वस्तूपाशी येऊन ठेपते.

योगायोग असा की किंडलच्या आगमनानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश निघाला. त्याच्या पहिल्या यादीत १५ वस्तू होत्या. लॅपटॉप, नोटबुक व टॅबलेट यांचा तीत एकत्र निर्देश होता. ‘पुस्तकवाचक’ असे स्वतंत्र नाव नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हे यंत्र ग्रंथाच्या कुळातले नसून गणकयंत्राच्या कुळातले ठरले, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. २०१४ मध्ये यादी वाढवून तीत विद्युत्‌घट व अडॉप्टर घालण्यात आले, तेव्हा यंत्राचे नाव काहीही असो, त्याच्या पोटातील घट व त्यास वीज पुरविणारा ठोकळा परीक्षेच्या कक्षेत आला. अडॉप्टरसाठी आयएस १३२५२ आणि घटासाठी आयएस १६०४६ ही मानके लावण्यात आली. दोन्ही आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या मानकांवर बेतलेली आहेत. घटाच्या परीक्षा वाचण्यासारख्या आहेत. त्याची दोन टोके जोडून पाहतात, त्यास चिरडतात, एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर टाकतात, १३० अंश सेल्सियस उष्णतेत काही मिनिटे ठेवतात, प्रमाणाबाहेर भारित करतात. तो पेटू नये व फुटू नये, एवढीच अपेक्षा. ग्रंथाच्या इतिहासात वाचनसाधनाची अशी परीक्षा पूर्वी कधी झाली नव्हती.

पण भाषाभ्यासकाचे लक्ष येथे दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. हे सारे इशारे कोणत्या भाषेत लिहावयाचे? वैधमापनशास्त्राच्या वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावरील आवश्यक मजकूर हिंदीत, देवनागरी लिपीत, अथवा इंग्रजीत असावा. अन्य भाषा जोडीला वापरण्यास मनाई नाही. म्हणजे मराठीस आडकाठी नाही आणि मराठीचे बंधनही नाही. जेथे बंधन नाही तेथे कंपनी जागा व खर्च वाचविणार, हे उघड आहे. मराठी पुस्तके वाचण्याकरिताच जे यंत्र घेतले जाते, त्याचा घट टोचू नका, तापवू नका, फुगल्यास वापरू नका, हे सांगणारा कागद मराठीत असणे कायद्यास आवश्यक वाटलेले नाही.

यंत्राच्या पडद्यावर मराठी कशी दिसावी, याचा इतिहास मात्र पुण्याच्या दृष्टीने अधिक समाधानाचा आहे. भारतीय लिपींना संगणकावर आणण्याचे जे काम कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झाले, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने पुढे वाढले, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकाने ब्राह्मीकुलातील लिपींस एकच संकेतावली दिली. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग याच परंपरेच्या पूर्वीच्या मसुद्यावर उभा आहे. मराठीपुरता एक नाजूक प्रश्न त्यात होता, तो आडव्या रकाराचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यांना’ वाढले आणि ‘आचाऱ्यांना’ वाढले यांत तर जेवणाऱ्यांची पंगतच बदलते. हिंदीस या भेदाची गरज नाही; म्हणून हिंदीपुरता विचार करून घडविलेल्या टंकात तो सहज गळतो. युनिकोडने त्यासाठी स्वतंत्र रीत ठरविली, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप जाहीर करून २०२२ मध्ये त्यास सुधारित रूप दिले. तरीही अनुपालनाच्या दृष्टीने स्थिती अपुरीच आहे. भारतीय भाषांच्या दर्शनाविषयीचे आयएस १६३३३ हे मानक, ज्याच्या तिसऱ्या भागाने २२ भाषांतील मजकूर वाचता येण्याची क्षमता आवश्यक केली, ते २०१६ मध्ये सक्तीचे ठरविण्यात आले ते मोबाइल दूरध्वनींकरिता. ज्या यंत्राचे वाचनाखेरीज दुसरे प्रयोजनच नाही, ते या मानकाच्या शीर्षकाबाहेर राहिले. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये उघडले ते व्यापारी हिशेबाने, नियमाने नव्हे.

इकडे पुस्तक स्वतः कायद्यातून हळूहळू बाहेर पडत होते. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा अधिनियम १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि १८६७ चा कायदा १५७ वर्षांनी संपुष्टात आला. नव्या कायद्यात पुस्तकांचा समावेश नाही. वसाहतकालीन पाळतीचे एक साधन गेले याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. तथापि नोंदीची सक्तीही त्याबरोबर गेली. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार चार ग्रंथालयांस प्रती द्यावयाच्या असतात, आणि त्यांत मुंबईचे ग्रंथालय आहे. परंतु तो कायदा छापील प्रतीच्या कल्पनेवर रचलेला आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात निघालेल्या मराठी पुस्तकाची प्रत कोठे जमा व्हावी याचे उत्तर त्यात मिळत नाही. म्हणून १८७५ साली पुण्यात निघालेल्या एखाद्या किरकोळ चोपडीच्या किती प्रती काढल्या हे यादीवरून सांगता येते, आणि गेल्या वर्षी निघालेल्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाबद्दल तसे सांगता येत नाही. ज्या घटावर ते वाचले जाते त्याचा नोंदणीक्रमांक मात्र उपलब्ध असतो. पुढील शतकातील दात्यांनी सूची कशावरून करावी?

शिशाची गोष्ट येथे परत येते. ई-कचऱ्याच्या नियमांनी, ते प्रथम मे २०१२ मध्ये अमलात आले व २०१६ आणि २०२२ मध्ये नव्याने काढण्यात आले, यंत्राच्या एकजिनसी भागांतील शिसे, पारा इत्यादींचे प्रमाण ०.१ टक्क्यांपर्यंत व कॅडमियमचे ०.०१ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. काही अपवाद ठेवले. जुळाऱ्याच्या बोटांतील शिशाने दीड शतक मराठी ग्रंथ घडविले, त्याच शिशाचा अंश आता वाचनयंत्रात मोजून ठेवावा लागतो. निकामी यंत्र परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली, आणि घटांसाठी २०२२ मध्येच स्वतंत्र नियम झाले. पुण्यात या नियमांच्या टोकास जो माणूस उभा आहे तो प्रयोगशाळेतला नव्हे. बाबा आढाव आदींच्या पुढाकाराने १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करीत आली आहे. पंचायतीचे नाव म्हणजे जुन्या भंगाराची वर्गवारीच आहे. रद्दीत गेलेले पुस्तक त्यातील पहिल्या शब्दात बसते. किलोवर विकले जाते, त्याचा लगदा होतो, पुन्हा कागद होतो. वाचनयंत्र या तिन्ही शब्दांत थोडे थोडे बसते आणि कोणत्याच एका शब्दात पुरते बसत नाही. काच आहे, पत्रा आहे, कागदाचा भासही आहे; आणि मध्ये तो घट आहे, जो वर्गवारीच्या ओट्यावर सुरीचे टोक लागले तर पेटू शकतो. त्याच्यावरील इशारा छापलेला असतो. तो इंग्रजीत असतो, आणि अक्षरे मोहरीएवढी असतात.